रुपयाचा इतिहास लिहिणारे आंबेडकर

बाबासाहेब आंबेडकरांनीं राज्यघटनेचा मसुदा सिद्ध केला, हें लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु ज्या प्रबंधानें त्यांस लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. ही पदवी मिळाली, तो कायद्यावर नसून आपल्या खिशांतील रुपयावर होता, हें थोड्यांनाच माहीत असेल.

१४ एप्रिल १८९१ रोजीं महू येथें सुभेदार रामजींच्या घरीं त्यांचा जन्म झाला. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं अमेरिकेस व १९१६ सालीं लंडनला गेले. पण मुदत संपल्यामुळें अभ्यास अर्धा टाकून १९१७ सालीं परतावें लागलें. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अध्यापकी करून त्यांनीं पैसा शिल्लक टाकला, शाहू महाराजांनींही साहाय्य केलें, आणि १९२० सालीं ते पुन्हां लंडनला पोंचले. दिवसभर ग्रंथालयांत वाचन व रात्रीं अर्धपोटीं जागरण, असा तेथील क्रम होता.

रुपयाची कथा मोठी मनोरंजक आहे. पूर्वीं राज्याराज्याचें नाणें निराळें असे. आपला वर्ध्याचा मुलूख १८५३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता व त्यांचा रुपया वेगळा होता. परमुलखाचें नाणें आलें कीं सराफ तें पारखून बट्टा कापून घेई. १८३५ सालीं कंपनी सरकारनें तोळाभर वजनाचा, १८० ग्रेनांत १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा रुपया आपल्या सर्व मुलखांत चालू केला. कोणीही टांकसाळींत चांदी देऊन रुपये पाडून घ्यावे, अशी मोकळीक होती. म्हणून चांदीची किंमत तीच रुपयाची किंमत. १८७३ नंतर जगांत चांदी उतरली, तसा रुपयाही घसरला, आणि विलायतेस सोन्याच्या हिशेबानें पैसा धाडणाऱ्या सरकारची ओढाताण झाली. शेवटीं १८९३ सालीं टांकसाळी लोकांस बंद झाल्या व रुपये पाडणें एकट्या सरकारच्या हातीं आलें.

आंबेडकरांनीं नेमकें येथेंच बोट ठेवलें. केन्ससारखा नामांकित पंडित या व्यवस्थेचा पुरस्कर्ता होता. पण सरकारास हवे तितके रुपये पाडतां आले तर महागाई होणार. यास्तव त्यांच्या संख्येस कायद्यानें मर्यादा घालावी, असें आंबेडकरांचें मत. रुपया उतरला कीं परदेशीं माल धाडणाऱ्यास तितक्याच पौंडांचे अधिक रुपये मिळतात, व त्यास देशाचा लाभ म्हणण्याची रीत होती. हिंगणघाटचा कापूस ज्या जिल्ह्यांतून बाहेर जाई, तेथें तरी हें कोणास खोटें वाटलें नसेल! आंबेडकरांनीं दाखविलें, कीं बाजारभाव चढतात तशी मजुरी चढत नाहीं. व्यापाऱ्याचा हा लाभ पुष्कळसा मजुराच्याच पदरांतून जातो.

परीक्षकांनीं प्रबंध सुधारून मागितला. तो त्यांनीं पुन्हां लिहून दिला, आणि १९२३ सालीं पदवी मिळून ग्रंथही लंडनमध्यें छापला गेला. गुरु एडविन कॅनन यांनीं आपला मतभेद नमूद करूनच त्यास प्रस्तावना लिहिली. गुरुशिष्य दोघांसही हें भूषणावह होय. १९२५ च्या डिसेंबरांत चलनविषयक शाही आयोगापुढें आंबेडकरांची साक्ष झाली. या आयोगानें मध्यवर्ती बँकेची शिफारस केली व १ एप्रिल १९३५ रोजीं रिझर्व्ह बँक सुरू झाली. तिचें सारें श्रेय कित्येक जण आंबेडकरांस देतात, ती मात्र अतिशयोक्ति होय.

६ डिसेंबर १९५६ रोजीं दिल्लीस त्यांचें निधन झालें. त्यानंतर चार महिने पुरते लोटले नाहींत तोंच, १ एप्रिल १९५७ रोजीं, सोळा आण्यांचा रुपया जाऊन शंभर नव्या पैशांचा रुपया सुरू झाला.