शांतीचे साक्षी फादर माक्स मेट्झगर

आमच्या पत्रात एका रोमन कॅथॉलिक धर्मगुरूचे चरित्र पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या सत्पुरुषाची हकीकत आज आम्ही सांगत आहो, त्यांनी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांस आपले सख्खे भाऊ मानले, आणि शांतीचा शेवटचा निरोप एका लूथरन आर्चबिशपांकडे पाठविताना त्यांचा घात झाला. यास्तव त्यांची आठवण आपल्या मंडळ्यांनीही करावी हे योग्यच होय.

माक्स योझेफ मेट्झगर ह्यांचा जन्म जर्मनीतील बाडेन प्रांतात, शॉपफहाइम ह्या गावी, 3 फेब्रुवारी 1887 रोजी एका शिक्षकाच्या घरी झाला. धर्मशास्त्राचे अध्ययन पुरे करून 1911 साली त्यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली. तीन वर्षांतच पहिले महायुद्ध सुरू झाले, आणि हा तरुण धर्मगुरू सैन्याबरोबर फ्रान्सच्या सरहद्दीवरील व्होज पर्वतात गेला. मरणाऱ्या शिपायांच्या उशाशी बसून त्यांनी प्रार्थना केल्या. ज्या प्रभूचे नाव घेऊन जर्मन शिपाई प्राण सोडीत होता, त्याच प्रभूचे नाव समोरच्या खंदकातील फ्रेंच शिपायाच्या ओठी होते. 1915 साली आजारी पडून ते रणभूमीवरून परतले, ते युद्धाचे कट्टर विरोधक होऊनच.

नंतर ऑस्ट्रियातील ग्राट्स शहरी राहून त्यांनी मद्यपाननिषेधाचे व गोरगरिबांच्या सेवेचे काम हाती घेतले. 1917 साली, तोफांचा आवाज चालू असतानाच, त्यांनी शुभ्र क्रूसाचा जागतिक शांतिसंघ स्थापन केला. त्यातूनच पुढे बंधूंचा व भगिनींचा एक सेवासंघ वाढला. 1928 साली त्याचे मुख्य ठाणे जर्मनीतील ऑग्सबुर्गजवळच्या मायटिंगन गावी आले. राष्ट्राराष्ट्रांतील लोकांस एकमेकांशी सहज बोलता यावे म्हणून मेट्झगर ह्यांनी एस्पेरांतो ह्या नव्याने रचलेल्या भाषेचाही प्रसार केला. 1921 साली शांतिपरिषदेसाठी ते पॅरिसला गेले. युद्धाच्या जखमा त्या वेळी ओल्या होत्या, आणि तेथे जर्मन मनुष्याकडे प्रेमाने पाहणारे थोडेच होते.

ह्या कामात त्यांच्या मनाला एक गोष्ट सतत टोचत राहिली. ख्रिस्ती लोक आपसांत पंथापंथांचे भांडण सोडीत नाहीत, तर राष्ट्रांस सलोख्याचा उपदेश त्यांनी कोणत्या तोंडाने करावा? म्हणून 1927 साली स्वित्झर्लंडमधील लोझान शहरी नाना मंडळ्यांची परिषद भरली, तेव्हा ते तिचे कामकाज पाहण्यास गेले. पुढे 1938 साली त्यांनी ‘उना सांक्टा’ नावाचा बंधुसंघ उभारला. ह्या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘एक पवित्र’ असा आहे. निकियाच्या विश्वासांगीकारात मंडळीसंबंधी हेच शब्द येतात. ह्या संघात कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट एकत्र बसून शास्त्र वाचीत, प्रार्थना करीत आणि मतभेदांविषयी मोकळेपणाने बोलत.

1933 साली हिटलरचे राज्य आले. असा मनुष्य त्या राज्यास खपणार कसा? 1934 साली गुप्त पोलिसांनी त्यांस प्रथम अटक केली. नोव्हेंबर 1939 मध्ये म्युनिकला हिटलरवर बाँबचा प्रयोग झाला, तेव्हा ह्या कटाशी काही संबंध नसताही त्यांस ऑग्सबुर्गच्या तुरुंगात डांबण्यात आले. त्या कोठडीतून त्यांनी पोप बारावे पायस ह्यांस पत्र लिहिले. विभागलेल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या ऐक्यासाठी महासभा बोलवावी, अशी त्यात नम्र विनंती होती. स्वतःच्या सुटकेची चिंता करावी अशा वेळी त्यांनी मंडळीच्या ऐक्याची चिंता वाहिली, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

1942 साली त्यांनी एक निवेदन तयार केले. हिटलरचे राज्य कोसळल्यावर जर्मनीत लोकांचे, न्यायाचे व सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचे राज्य यावे, आणि त्याने शेजाऱ्यांशी शांतीने नांदावे, असा त्याचा आशय होता. सावधगिरीसाठी जर्मनीचे नाव न घेता, उत्तरेकडील एखाद्या देशाविषयी लिहावे तसे ते लिहिले होते. हे निवेदन स्वीडनमधील उप्साला येथील लूथरन आर्चबिशप एर्लिंग आयडेम ह्यांच्या हाती द्यावयाचे होते. ते पोहोचविण्याचे काम ज्या बाईवर सोपविले, ती बंधुसंघाच्या बैठकींत येऊन बसत असे. परंतु ती गुप्त पोलिसांची हेर होती. 29 जून 1943 रोजी बर्लिन येथे मेट्झगर पकडले गेले. प्रार्थनेच्या सोबत्यानेच दगा द्यावा, हे दुःख प्रभूच्या शिष्यांस नवे नाही.

14 ऑक्टोबर रोजी न्यायाधीश फ्राइस्लर ह्याने त्यांस राजद्रोही ठरवून मृत्युदंड सांगितला. त्यांच्या धर्मप्रांताच्या आर्चबिशपांनीही न्यायाधीशास पत्र लिहून ह्या कृत्याबद्दल खेदच दर्शविला. म्हणजे स्वकीयांचा आधारही त्यांस पुरता लाभला नाही. तरी मन कडू न होऊ देता, जगाच्या शांतीसाठी व मंडळीच्या ऐक्यासाठी त्यांनी आपला प्राण देवास अर्पण केला. सहा महिने मृत्यूच्या छायेत काढल्यावर 17 एप्रिल 1944 रोजी ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्यांचा शिरच्छेद झाला.

त्यांचे पेरलेले बी वाया गेले नाही. 1962 साली रोम येथे महासभा भरली, तेव्हा इतर मंडळ्यांचे प्रतिनिधीही निरीक्षक म्हणून बोलविले गेले. 1997 साली बर्लिनच्या न्यायालयाने तो मृत्युदंडाचा निकाल रद्द ठरविला, आणि 17 नोव्हेंबर 2024 रोजी फ्रायबुर्ग येथे त्यांच्या मंडळीने त्यांस धन्य म्हणून घोषित केले. धन्य घोषित करण्याची ही चाल आपली नव्हे. तथापि ख्रिस्तासाठी प्राण देणारा मनुष्य कोणत्याही पंथाचा असो, तो आपल्याही आदरास पात्र आहे.

प्रिय उपदेशक बंधूंनो, ज्या गावी विहिरीवरून, बांधावरून किंवा मिशनामिशनांच्या नावावरून विश्वासणाऱ्यांनी एकमेकांचे दार सोडले असेल, तेथे ही हकीकत वाचून दाखवा. मेट्झगर ह्यांस राष्ट्रांचे युद्ध थांबविता आले नाही. परंतु एका खोलीत दोन पंथांचे लोक बसवून प्रार्थना करणे त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी केले. तेवढे आपल्याही हाती आहे. ह्या रविवारी उपासनेनंतर जो भाऊ दुरावला असेल, त्याच्या घरी प्रथम आपण जावे, अशी आमची विनंती आहे.