‘श्यामची आई’ लिहिणारे साने गुरुजी

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड नावाचे एक गाव आहे. या गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. घराणे खोतांचे. एके काळी घरी चांगली सुबत्ता होती. परंतु पांडुरंग जाणता होईपर्यंत ती लयास गेली होती. वडील सदाशिवराव कर्जात बुडाले होते. आई यशोदाबाई दारिद्र्याशी झगडत मुलांना वाढवीत होती.

पालगड, दापोली, औंध, पुणे अशा ठिकाणी पांडुरंगाचे शिक्षण झाले. हाताने स्वयंपाक करावा, कधी उपाशी राहावे आणि अभ्यास करावा, असे ते दिवस होते. १९१७ साली आई वारली. तेव्हा पांडुरंग शिकण्यासाठी परगावी होता. आईची शेवटची भेट त्याला झाली नाही. ही व्यथा त्याने जन्मभर उराशी बाळगली.

एम.ए. झाल्यावर साने १९२४ साली खानदेशातील अमळनेर येथे प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. लवकरच वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. तेथे ते मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांचे कपडे धूत आणि कोणी आजारी पडला तर रात्रभर उशाशी बसत. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. ज्या मुलांची आई दूर गावी राहिली होती, त्यांना गुरुजींच्या रूपाने जणू आईच भेटली.

१९३० साली गांधीजींनी सत्याग्रह पुकारताच गुरुजींनी नोकरी सोडली. मग वारंवार तुरुंगवास घडू लागला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती गुरुजींनीच भराभर उतरवून घेतली, म्हणून आज ती आपल्याला वाचावयास मिळतात.

पुढे त्यांना नाशिकच्या तुरुंगात ठेवण्यात आले. दिवसभर नेमून दिलेले काम करावे आणि रात्री व पहाटे लिहावे, असा क्रम त्यांनी धरला. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी लेखनास आरंभ झाला आणि १३ तारखेच्या पहाटे पुस्तक पुरे झाले. अवघ्या पाच दिवसांत! तेच हे ‘श्यामची आई’. श्याम आपल्या आश्रमातील सोबत्यांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो, अशी या पुस्तकाची मांडणी आहे. अशा बेचाळीस रात्री त्यात आहेत. श्याम म्हणजे बहुतांशी गुरुजीच होत. मात्र काही प्रसंगांना त्यांनी कल्पनेची जोड दिली आहे.

मुलांसाठी लिहावयाचे म्हणजे राजा-राणीच्या नाही तर चतुर कोल्ह्याच्या गोष्टी लिहावयाच्या, असा तेव्हा अनेकांचा समज होता. गुरुजींनी मात्र मुलांपुढे खरे घर मांडले. त्या घरात कर्ज आहे, आजार आहे आणि मरणही आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन आईला नाही नाही ते बोलतो आणि घरातील कर्ता पुरुष खाली मान घालून उभा राहतो, हेही गुरुजींनी लपविले नाही. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या एका म्हातारीच्या डोक्यावरची लाकडाची मोळी खाली पडते. तिला हात लावावयास कोणी पुढे येत नाही. तेव्हा आई श्यामलाच मोळी उचलून देण्यास पाठविते. आणि शेवटी आई मरते. श्याम घरी पोहोचतो तो उशिराच.

हे पुस्तक मुलांना फार रडविते, तेव्हा ते त्यांच्या हाती देऊ नये, असे म्हणणारी माणसे आहेत. आम्हांला ते पटत नाही. वडगाव मावळच्या शाळेत हे पुस्तक वर्गात वाचून दाखविताना आम्ही एक गोष्ट अनेकदा पाहिली आहे. सावकाराचा प्रसंग आला की एखादा अबोल, मागच्या बाकावरचा मुलगा हळूच मान वर करून ऐकू लागतो. अशी लाज केवळ आपल्याच घरी आली नाही, हे त्याला त्या दिवशी प्रथमच समजते. रडू तर वर्गातील सर्वांनाच येते; पण मधल्या सुट्टीत त्या मुलाच्या शेजारी कोणीतरी आपला डबा घेऊन बसलेला दिसतो.

मोळीची गोष्ट पुस्तकातच राहिली नाही. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात हरिजनांना तेव्हा प्रवेश नव्हता. मंदिर सर्वांसाठी खुले व्हावे म्हणून गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले, आणि मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले. प्रकृती मुळातच नाजूक. दिवसेंदिवस सर्वांची चिंता वाढू लागली. अखेर मंदिराचे दार उघडण्याचे मान्य झाले, तेव्हाच त्यांनी अन्न घेतले.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. प्रांताप्रांतांतील माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून ‘आंतरभारती’ उभारण्याचे स्वप्नही त्यांच्या मनात होते. ते पुरे होण्यापूर्वीच ११ जून १९५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पुढे आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’वर चित्रपट काढला. १९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रथमच देण्यात आले, तेव्हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक याच चित्रपटास मिळाले. गुरुजी तेव्हा हयात नव्हते.