लिओ फेंडर

क्लॅरेन्स लिओनायडस ऊर्फ लिओ फेंडर (जन्म : १० ऑगस्ट १९०९, मृत्यू : २१ मार्च १९९१) हे अमेरिकन वाद्यनिर्माते व संशोधक होते. टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारी व प्रिसिजन बेस ही बेस गिटार त्यांच्या कारखान्यात जन्माला आली. भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारीची कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. परंतु अशी गिटार मोठ्या संख्येने, आटोक्यातील किमतीत आणि सहज दुरुस्त करता येईल अशा रीतीने बनवणे त्यांनी प्रथम व्यवहारात यशस्वी करून दाखवले. नवशिक्यांसाठी त्यांनी तयार केलेल्या म्युझिकमास्टर, ड्युओ-सोनिक व मस्टँग या गिटारी याच विचारातून आल्या. स्वतः फेंडर यांना मात्र गिटार कधीच वाजवता येत नव्हती.

प्रारंभिक जीवन

फेंडर यांचा जन्म कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम व फुलरटन या गावांच्या परिसरात, आईवडिलांच्या संत्र्याच्या बागेतील कोठारात झाला. बालपणीच गाठीच्या आजारामुळे त्यांना डावा डोळा गमवावा लागला व पुढे आयुष्यभर त्यांनी काचेचा डोळा वापरला. मोटारींच्या विद्युत दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या एका नातेवाइकांनी त्यांना रेडिओचे सुटे भाग पाठवले आणि तेथून विजेच्या उपकरणांचा नाद लागला. शाळकरी वयात ते पियानो व सॅक्सोफोन शिकले. महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले ते हिशेबनीसाचे. इलेक्ट्रॉनिक्सचे औपचारिक शिक्षण त्यांना मिळाले नाही.

काही वर्षे त्यांनी हिशेबनीस म्हणून नोकऱ्या केल्या. १९३४ साली त्यांचा एस्थर क्लोस्की यांच्याशी विवाह झाला. महामंदीच्या काळात नोकरी गेल्यावर १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्जाऊ घेऊन त्यांनी फुलरटन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले.

रेडिओ दुरुस्तीकडून वाद्यांकडे

दुकानात रेडिओबरोबरच स्थानिक वादकांचे ध्वनिवर्धक व बिघडलेल्या गिटारी येऊ लागल्या. एखादे वाद्य कोठे तुटते, कोणता सांधा सैल पडतो आणि कोणता भाग बदलण्यासाठी सगळे वाद्य खोलावे लागते, हे फेंडर यांना वादकांच्या आधी कळू लागले. त्यांच्या पुढील सर्व रचनांवर या अनुभवाची छाप आहे.

त्या काळातील बहुतेक इलेक्ट्रिक गिटारी पोकळ असत. आवाज वाढवला की ध्वनिवर्धकातून आलेल्या नादाने गिटारीचे पोकळ अंग पुन्हा कंप पावे आणि कर्कश शिट्टी ऐकू येई. वस्तुतः इलेक्ट्रिक गिटारीत नाद मोठा करण्याचे काम लाकडी पेटीला करावेच लागत नाही. तारांखाली चुंबक व त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो ध्वनिवर्धकाकडे जातो. १९४३ च्या सुमारास फेंडर आणि त्यांचे मित्र डॉक कॉफमन यांनी आपल्या पिकअपची चाचणी घेण्यासाठी भरीव लाकडाची एक ओबडधोबड गिटार बनवली. ती दिसायला बेढब असली तरी कार्यक्रमांसाठी स्थानिक वादक तिची मागणी करू लागले. दोघांनी १९४५ मध्ये के अँड एफ ही कंपनी काढून मांडीवर ठेवून वाजवण्याच्या स्टील गिटारी आणि ध्वनिवर्धक विकले. कर्जाच्या भीतीने कॉफमन १९४६ मध्ये बाहेर पडले. फेंडर यांनी स्वतःच्या नावाने व्यवसाय सुरू ठेवला आणि पुढे त्याला फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी हे नाव मिळाले.

टेलिकास्टर व तिची रचना

जॉर्ज फुलरटन १९४८ मध्ये कारखान्यात दाखल झाले. १९५० मध्ये त्यांच्या साहाय्याने एस्क्वायर ही भरीव गिटार बाजारात आली. त्याच वर्षी दोन पिकअपची ब्रॉडकास्टर आली. पारंपरिक वाद्यनिर्मात्यांनी या चपट्या फळीची बोटीचे वल्हे, बर्फ ओढण्याचे फावडे अशा शब्दांत टवाळी केली. ब्रॉडकास्टर हे नाव ग्रेच कंपनीच्या ढोलांच्या नावाशी जुळत असल्याने १९५१ च्या प्रारंभी ते सोडावे लागले. काटकसरी फेंडर यांनी छापून ठेवलेल्या नावपट्ट्या फेकल्या नाहीत. त्यांवरील ब्रॉडकास्टर हा शब्द तेवढा कापून टाकला. काही महिने गिटारींवर केवळ फेंडर एवढेच नाव होते. त्यानंतर टेलिकास्टर हे नाव ठरले.

पारंपरिक गिटारीत दांडी अंगाला सरसाने चिकटवलेली असते; ती बिघडली तर कुशल कारागीर लागतो. फेंडर यांनी दांडी वेगळी बनवून ती अंगाला चार स्क्रूंनी जोडली. मेपल लाकडाच्या या दांडीत पडदे थेट बसवलेले होते, म्हणजे वेगळ्या पट्टीचा खर्च वाचला. सहाही खुंट्या एका बाजूला आल्यामुळे तारा सरळ रेषेत जाऊ लागल्या. पिकअप, बटणे, घोडी हे सारे साध्या पेचकसाने काढता येई. अंग व दांडी स्वतंत्रपणे तयार होत असल्याने कारखान्यात कामाची विभागणी शक्य झाली आणि सतारीसारखे एक वाद्य एकाच कारागिराने आरंभापासून अखेरपर्यंत घडवण्याची गरज उरली नाही.

काटकसर एके ठिकाणी मात्र अंगाशी आली. मेपल पुरेसे कणखर आहे असे मानून प्रारंभीच्या दांड्यांत फेंडर यांनी पोलादी सळई घातली नव्हती. तारांच्या ताणाने दांड्या वाकू लागल्या, तेव्हा विक्रीची बाजू सांभाळणाऱ्या डॉन रँडल यांच्या आग्रहाने समायोजनाची सळई बसवण्यात आली. आजही स्वस्त गिटार निवडताना ही सळई नीट फिरते की नाही आणि दांडी सरळ आहे की नाही हेच प्रथम पाहिले जाते.

१९५१ मध्ये प्रिसिजन बेस आली. १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर घडवताना फ्रेडी टव्हारेस यांचे साहाय्य झाले. वादक बिल कार्सन यांच्या सूचनांचाही उपयोग झाला. फेंडर स्वतः वादक नसल्याने नमुने स्थानिक वादकांच्या हाती देत व त्यांच्या तक्रारी ऐकून बदल करीत.

नवशिक्यांसाठीच्या गिटारी

स्ट्रॅटोकास्टरची किंमत २४९.५० डॉलर होती. एखाद्या मुलाच्या पहिल्या गिटारीसाठी एवढी रक्कम मोजणे सामान्य कुटुंबाला जड होते. १९५६ मध्ये फेंडर यांनी म्युझिकमास्टर व ड्युओ-सोनिक या दोन गिटारी विद्यार्थ्यांसाठी आणल्या. पैकी म्युझिकमास्टर ११९.५० डॉलरला, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळे.

खर्च कोठे कमी केला हे लक्षात घेण्यासारखे आहे. म्युझिकमास्टरला एकच पिकअप, ड्युओ-सोनिकला दोन. स्वर थरथरवणारी दांडकी कोणालाच नाही. अंगाला स्ट्रॅटोकास्टरसारखी कोरीव वळणेही नाहीत. परंतु स्क्रूंनी जोडलेली दांडी तीच आणि कारखानाही तोच. भाग कमी केले, वाजवण्याजोगेपणा कमी केला नाही. त्याच काळात टपालाने माल विकणाऱ्या कंपन्यांच्या यादीत याहूनही स्वस्त गिटारी मिळत, त्यामुळे फेंडर या क्षेत्रात एकटे नव्हते.

या गिटारींची तारेची कंपलांबी २२.५ इंच होती, स्ट्रॅटोकास्टरची २५.५ इंच. लांबी कमी असली की पडदे जवळ येतात आणि त्याच जाडीची तार त्याच सुरात लावण्यास ताण कमी लागतो. लहान हातांना व कोवळ्या बोटांना ते सोयीचे असते. उलट बारीक तारा सैल वाटतात आणि जोराने दाबल्यास सूर हलतो. पूर्ण वाढ झालेल्या नवशिक्यास आखूड गिटार घेण्याचे कारण नसते, हा भेद त्यातूनच येतो. १९६४ मध्ये आलेल्या मस्टँगमध्ये थरथर देणारी यंत्रणाही होती आणि २४ इंचांची कंपलांबीही उपलब्ध होती.

विद्यार्थ्यांसाठीच्या या गिटारी पुढे नामवंतांच्या हातीही दिसल्या. जिमी हेंड्रिक्स यांनी उमेदवारीच्या दिवसांत ड्युओ-सोनिक वाजवली, तर कर्ट कोबेन यांनी मस्टँग प्रसिद्धीच्या शिखरावर असतानाही सोडली नाही.

आजारपण व कंपनीची विक्री

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून फेंडर यांना नाकाजवळील पोकळ्यांचा जंतुसंसर्ग जडला होता. तो हटेना. आपण फार काळ जगणार नाही अशी त्यांची समजूत झाली आणि त्यांनी कंपनी विकण्याचे ठरवले. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने ती १ कोटी ३० लाख डॉलरना घेतली. त्यानंतर डॉक्टर बदलून वेगळी औषधे घेतल्यावर फेंडर पूर्ण बरे झाले. ज्या दुखण्यामुळे कारखाना हातचा गेला ते दुखणे गेले, पण त्यांचे स्वतःचे आडनाव दुसऱ्याच्या मालकीचे झाले होते. करारानुसार काही वर्षे प्रतिस्पर्धी व्यवसायासही बंदी होती.

सीबीएसच्या काळात उत्पादन वाढले व दर्जा घसरला, असे वादकांचे सर्वसाधारण मत आहे. १९७० च्या दशकात जपानी कारखान्यांनी फेंडरच्या रचनांच्या चांगल्या नकला स्वस्तात बनवल्या. त्यास उत्तर म्हणून कंपनीने १९८२ मध्ये जपानमध्ये स्क्वायर हे स्वस्त बोधचिन्ह सुरू केले. १९६५ मध्ये विकत घेतलेल्या एका तारा बनवणाऱ्या जुन्या कंपनीचे ते नाव होते. पुढे स्क्वायर गिटारी कोरिया, चीन, इंडोनेशिया येथे आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस काही काळ भारतातही बनल्या. १९८५ मध्ये बिल शुल्ट्झ यांच्या नेतृत्वाखालील कर्मचाऱ्यांच्या गटाने फेंडर कंपनी सीबीएसकडून विकत घेतली. लिओ फेंडर त्यांत नव्हते.

उत्तरायुष्य

बंदीचा काळ संपल्यावर फेंडर १९७५ मध्ये म्युझिक मॅन कंपनीचे अध्यक्ष झाले. तेथील स्टिंगरे बेस १९७६ ची. १९७९ मध्ये एस्थर यांचे निधन झाले. त्याच सुमारास त्यांनी जॉर्ज फुलरटन यांच्यासह जी अँड एल ही कंपनी स्थापन केली. कंपनीच्या नावातील अक्षरे जॉर्ज व लिओ यांची. आडनाव वापरणे शक्य नव्हते. १९८० मध्ये त्यांनी फिलिस यांच्याशी दुसरा विवाह केला.

अखेरच्या वर्षांत पार्किन्सनच्या विकाराने हात थरथरू लागले, तरी ते रोज कारखान्यातील आपल्या मेजावर पिकअप व घोडीचे नवे नमुने तपासत असत. २१ मार्च १९९१ रोजी फुलरटन येथे त्यांचे निधन झाले. आदल्या दिवशीही ते कामावर गेले होते. १९९२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. फुलरटन येथील वस्तुसंग्रहालयात त्यांच्या कार्याचे कायमस्वरूपी दालन आहे.