बाबूराव पेंटर आणि लुकलुकणारा उजेड

बिद्रीहून संध्याकाळी कोल्हापूरकडे मोटारसायकल काढा. सूर्य डाव्या हाताला कललेला असतो आणि रस्त्याकडेच्या झाडांमधून ऊन डोळ्यांवर उघडझाप करत राहतं. गाडी हळू असली तर प्रत्येक तिरीप वेगळी कळते. वेग वाढवला की तिरिपी एकमेकींत मिसळू लागतात, आणि मधल्या एका टप्प्यावर डोळ्यांना नकोसं होतं, कपाळाला आठ्या पडतात. ऊन तेच, झाडंही तीच. बदललेला असतो फक्त उघडझापीचा वेग. मेंदूचा मागचा भाग या वेगाला फार संवेदनशील असतो. शास्त्रज्ञांनी तो वेग प्रयोगशाळेत मोजला, पण आपल्या कोल्हापुरात एका चित्रकाराला त्याच्याशी वेगळ्याच कामासाठी झुंजावं लागलं होतं. ते म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर.

बाबूराव कृष्णराव मिस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नाही, शिल्पकलाही स्वतःच्याच हातानं कमावली. चुलत भाऊ आनंदराव त्यांच्यापेक्षाही उपद्व्यापी. दोघे मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत आणि त्या पडद्यांची ख्याती मुंबईच्या पारशी आणि गुजराती रंगभूमीपर्यंत पोचली होती. त्यातूनच ‘पेंटर’ हे नाव चिकटलं आणि आडनावाच्या जागी कायमचं बसलं.

1913 साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोन भावांचं चित्त पडद्यांवरून उडालं. आता हलणारी चित्रं हवी होती. त्यांनी आधी सिनेमा दाखवण्याचा धंदा केला, म्हणजे दाखवायचं यंत्र हाताखाली आलं. खटपट सुरू झाली ती चित्रीकरणाच्या यंत्राची. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, तेव्हा तो आपणच बनवायचा असं ठरलं. 1916 साली आनंदराव अकाली गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले या शिष्याला हाताशी धरून 1918 साली त्यांनी चालता कॅमेरा उभा केला. भांडवलासाठी मदतीला आल्या त्या गायिका तानीबाई कागलकर. बिद्री ज्या तालुक्यात येते त्या कागलचंच नाव लावणाऱ्या. महाराष्ट्र फिल्म कंपनी अशी उभी राहिली आणि शाहू महाराजांचा आश्रयही तिला मिळाला.

स्वतः कॅमेरा बनवणं म्हणजे नेमकं काय, हे समजून घेण्यासारखं आहे. फिल्म सरळ सरकत गेली तर चित्र फरफटतं. तिला क्षणभर थांबवायचं, भिंगासमोरची झडप उघडून उजेड घ्यायचा, झडप मिटायची, अंधारात फिल्म एक घर पुढे ओढायची, पुन्हा थांबवायची. हे सेकंदाला साधारण सोळा वेळा, आणि तेही हातानं हँडल फिरवून. सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चित्रं असा तेव्हाचा सर्वसाधारण हिशेब होता. हात मंदावला की पडद्यावरची माणसं धावू लागत, हात घाईत असला की ती रेंगाळत. म्हणून कॅमेऱ्यामागच्या माणसाच्या अंगात ताल लागे, तबलजीसारखा.

कॅमेऱ्याचं झालं. सिनेमा दाखवणाऱ्या यंत्रात याच सोळाच्या आकड्यानं एक वेगळाच घोटाळा केला. चित्र पुढे सरकताना पडद्यावर अंधार करावाच लागतो. प्रत्येक चित्रामागे एकदा अंधार केला तर प्रेक्षकाच्या डोळ्यावर सेकंदाला सोळा वेळा उजेडाची उघडझाप होणार. हालचाल दिसण्यापुरते सोळा पुरतात, पण उजेड स्थिर वाटायला ते फार अपुरे पडतात. म्हणून जगभरच्या कारागिरांनी फिरत्या झडपेला तीन पाती लावली. चित्र तेच, पण एकेक चित्र तीनदा दाखवायचं. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. बोलपट आल्यावर वेग चोवीस चित्रांवर गेला आणि दोन पाती पुरली. आकडा पुन्हा अठ्ठेचाळीस.

अठ्ठेचाळीसच का? उजेडाची उघडझाप एका मर्यादेपलीकडे गेली की ती आपल्याला कळेनाशी होते आणि उजेड सलग वाटतो. ही मर्यादा ठाम नसते. उजेड मंद असेल तर ती खाली येते, प्रखर असेल तर वर चढते. म्हणजे तंबूतल्या सिनेमाच्या मिणमिणत्या दिव्यात जी लुकलुक खपून जायची, तीच मोठ्या थिएटरातल्या झगझगीत कार्बन दिव्यात डोळ्यांत खुपायची. दिवा सुधारला की दोष वाढतो, असा हा उलटा न्याय. शिवाय नजरेच्या मधोमध जी लुकलुक जाणवत नाही ती कडेच्या नजरेला जाणवते. ट्यूबलाइट कडेनं थरथरल्यासारखी वाटते आणि तिच्याकडे थेट पाहिलं की शांत, हा अनुभव अनेकांचा असेल.

बाबूरावांचा पहिला मोठा चित्रपट ‘सैरंध्री’ 1920 साली आला. त्यातल्या कीचकवधाचं दृश्य इतकं खरं उतरलं होतं की त्याला सेन्सॉरची कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. 1923 च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशावर रात्रीची दृश्यं घेतली. तोवर आपल्याकडचं चित्रीकरण उन्हाच्या भरवशावर चाले. 1925 चा ‘सावकारी पाश’ तर कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट होती, नायक तरुण व्ही. शांताराम. पौराणिक कथांच्या त्या काळात शेतकऱ्याचं कर्ज हा विषय घेणं ही त्यांच्या कामातली मला सर्वांत धाडसी गोष्ट वाटते.

1929 साली दामले, फत्तेलाल, शांताराम ही शिष्यमंडळी बाहेर पडली आणि कोल्हापुरातच प्रभात कंपनी निघाली. त्याच वर्षी जर्मनीत येना इथले डॉक्टर हान्स बर्गर यांनी माणसाच्या कवटीवरून मेंदूच्या विजेच्या लाटा नोंदवल्याचं प्रसिद्ध केलं. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्यात सेकंदाला सुमारे दहा लाटा उठत होत्या. पुढे 1934 साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी डोळ्यांसमोर उघडझाप करणारा दिवा धरला, तेव्हा त्या लाटा दिव्याचा वेग पकडू लागल्या. दिवा जसा ठेका धरेल तसा मेंदू.

पण सगळ्या ठेक्यांना मेंदू सारखीच दाद देत नाही. सेकंदाला एक-दोन झोत असले तर प्रत्येक झोताला तो वेगळं उत्तर देतो. दहाच्या आसपास उत्तर एकदम उसळतं, कारण त्याची स्वतःची चालही तीच. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला की झोका उंच जातो, तसं काहीसं. जर्मनीतल्या ख्रिस्टोफ हेरमान यांनी 2001 साली एक ते शंभरपर्यंतचे वेग तपासले. दहा, वीस, चाळीस आणि ऐंशीच्या आसपास मेंदूची दाद जास्त जोरकस आढळली. आणखी गंमत अशी की नव्वदच्या वेगालाही मेंदूच्या लाटा साथ देत होत्या. इतक्या वेगाचा दिवा आपल्याला सलग दिसतो, तरी मेंदूचा मागचा भाग मोजणी चालूच ठेवतो.

आता सोळाच्या आकड्याकडे परत या. ज्यांना लखलखाटानं फीट येण्याची प्रवृत्ती असते, त्यांना सर्वांत जास्त त्रास देणारा वेग सेकंदाला साधारण पंधरा ते वीस. म्हणजे एकाच पात्याची झडप नेमकी या पट्ट्यात आली असती. तीन पात्यांनी चित्र सुखकर केलं आणि या पट्ट्यातूनही बाहेर काढलं. झडप बनवणाऱ्यांना मेंदूच्या लाटा ठाऊक नव्हत्या. पडदा डोळ्यांना त्रास देतो की नाही एवढंच ते पाहत होते.

हा पट्टा किती घातक ठरू शकतो ते 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये दिसलं. पोकेमॉनच्या एका भागात लाल आणि निळा रंग काही सेकंद, सेकंदाला बारा वेळा आळीपाळीनं लखलखला आणि साडेसहाशेहून अधिक जण, बहुतेक मुलं, रुग्णालयात पोचली. फीट येणाऱ्या शंभर जणांतल्या तीन ते पाच जणांनाच अशी प्रकाशाची बाधा असते, पण ती लहान आणि वयात येणाऱ्या मुलांत जास्त असते. म्हणजे मिरवणुकीत सर्वांत पुढे नाचणाऱ्यांत. मिरवणुकीतल्या लखलखत्या दिव्यांसमोर मुलाला गरगरलं, हातपाय झटकल्यासारखे झाले, तर तळहातानं त्याचा एक डोळा पूर्ण झाका आणि त्याला बाजूला न्या. नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण झोत पापणीतूनही आत जातो. नंतर डॉक्टरांना दाखवा. मेंदूचा आलेख काढताना ते मुद्दाम वेगवेगळ्या वेगाचा दिवा लावून पाहतात. लुकलुकीनं डोळे दुखणं किंवा डोकं ठणकणं ही वेगळी गोष्ट. ते अनेकांना होतं आणि त्याला फीट म्हणत नाहीत.

बोलपट आल्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी टिकली नाही. बाबूरावांना बोलपटाचं फारसं अप्रूपही नव्हतं. चित्रानं जे सांगता येतं ते बोलून कशाला सांगायचं असा त्यांचा कल. तरी शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी 1935 साली ‘उषा’ केला, पुढच्या वर्षी ‘सावकारी पाश’ पुन्हा बोलपट म्हणून काढला, 1937 साली ‘प्रतिभा’. मग ते बरेचसे आपल्या जुन्या कामाकडे वळले, चित्रांकडे आणि पुतळ्यांकडे. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातला शिवछत्रपतींचा अर्धपुतळा त्यांच्याच हातचा. 16 जानेवारी 1954 रोजी ते गेले. खरी कॉर्नरला त्यांच्या कॅमेऱ्याच्या आठवणीचा मानस्तंभ आहे. कोल्हापुरात गेलात तर थोडं थांबून पाहा.