शंभर खिडक्यांचा माणूस

गेल्या रविवारी सकाळी मी घरच्या संगणकासमोर बसलो होतो. आमच्या गिरगावच्या इमारतीचा हिशेब, वीजबिल, गाडीचे आरक्षण, भाचीच्या लग्नाच्या आमंत्रणांची यादी अशा चौदा खिडक्या पडद्यावर उघड्या होत्या. पाठीमागून आई काहीतरी विचारत होती आणि मी नुसता हुंकार भरत होतो. ती स्वयंपाकघरात परत गेली तेव्हा लक्षात आले, की तिने काय विचारले ते मी ऐकलेच नव्हते. त्या क्षणी मला श्रीमद् राजचंद्र आठवले. गांधीजी त्यांना रायचंदभाई म्हणत.

त्यांचा जन्म १८६७ सालचा, सौराष्ट्रात मोरबीजवळच्या ववाणिया गावातला. गिरगावातून चालत गेले तर थोड्याच वेळात धोबी तलाव लागतो. तिथल्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये १८८७ साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी शतावधानाचा प्रयोग केला. शतावधान म्हणजे एकाच बैठकीत शंभर गोष्टींवर लक्ष ठेवणे. अशा प्रयोगात कुणी कवितेसाठी विषय देतो, कुणी गणित घालतो, कुणी परक्या भाषेतल्या वाक्याचा एकच शब्द सांगतो; मधूनच घंटेचे टोल पडतात, तेही मोजायचे. प्रत्येक काम अर्धवट सोडायचे, दुसऱ्याकडे वळायचे आणि परत आल्यावर नेमके सोडले तिथून उचलायचे. कागदाला हात लावायचा नाही!

आपल्याला एवढे कुठले जमायला? १९९५ च्या विंडोजमध्ये पडद्याच्या तळाशी एक पट्टी आली आणि उघड्या खिडक्यांची नावे तिथे ओळीने दिसू लागली. ऑल्ट आणि टॅब दाबले, की एकीतून दुसरीत जाता येते. रायचंदभाईंची पट्टी त्यांच्या डोक्यातच होती. १८९१ साली विलायतेहून नुकत्याच परतलेल्या गांधीजींनी युरोपीय भाषांतले शब्द सांगून त्यांची परीक्षा घेतली, तेव्हा त्यांनी ते सगळे त्याच क्रमाने परत म्हणून दाखवले.

पण मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. मुंबईभर नाव झाले असताना त्यांनी हे जाहीर प्रयोग विशीतच थांबवले. आत्म्याच्या शोधात ही वाहवा त्यांना अडसर वाटू लागली होती. गावदेवीचे मणिभवन ज्यांचे, त्या रेवाशंकर जगजीवन यांच्या पेढीत ते भागीदार होते. हिरे-मोत्यांचे मोठे व्यवहार करीत. मात्र गादीवर एखादा धर्मग्रंथ आणि रोजनिशी कायम जवळ असे. सौदा आटोपला, की तो विषय मनातून मिटे आणि ग्रंथ उघडला जाई. गांधीजींवर खरा ठसा उमटला तो याचा. पुढे दक्षिण आफ्रिकेत धर्माविषयी मन गोंधळले, तेव्हा त्यांनी आपले प्रश्न पत्राने यांच्याकडेच पाठवले. १८९६ साली नडियादला रायचंदभाईंनी ‘आत्मसिद्धि’ रचली आणि १९०१ साली राजकोटला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

शंभर खिडक्या सांभाळणारा माणूस शेवटी एकीपाशी थांबला. मला चौदाही सांभाळता येत नाहीत, तरी एकही बंद करवत नाही.

त्या दिवशी मी एकेक खिडकी मिटली आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला पुन्हा विचारले. चाळीतल्या आमच्या जुन्या शेजारीणबाईंचे नाव लग्नाच्या यादीत घातले का, एवढेच तिला हवे होते. ते राहूनच गेले होते.