सुसानबाई अँथनी

निवडणुकीच्या दिवशीं मत देणें आपणांस सोपें वाटतें. परंतु त्यापूर्वीं मतदारांच्या यादींत आपलें नांव असावें लागतें. तें नांव तेथें दाखल व्हावें म्हणून ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, अशा एका अमेरिकन स्त्रीचें अल्प चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

सुसानबाईंचा जन्म ता. १५ फेब्रुवारी १८२० रोजीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील ॲडम्स या गांवीं एका क्वेकर कुटुंबांत झाला. पुढें त्या शिक्षिका झाल्या. तेव्हां एकाच कामाबद्दल पुरुषांस स्त्रियांहून पुष्कळ अधिक पगार मिळतो, हें त्यांच्या नजरेस आलें. मद्यपान व गुलामगिरी यांविरुद्धच्या चळवळींत त्या पडल्या. इ. स. १८५१ मध्यें एलिझाबेथ केडी स्टँटन यांशीं त्यांची गांठ पडली, आणि उभयतांनीं स्त्रियांच्या मताधिकाराचें कार्य जन्मभर चालविलें.

मत कोणीं द्यावें, हें अमेरिकेंत त्या काळीं मुख्यत्वें प्रत्येक संस्थान ठरवीत असे, आणि न्यूयॉर्क संस्थानाच्या कायद्यानें तो हक्क केवळ पुरुषांस होता. परंतु १८६८ सालीं राज्यघटनेस चौदावी दुरुस्ती झाली. तिनें देशांत जन्मलेल्या सर्वांस नागरिक ठरविलें. स्त्रिया जर नागरिक, तर मत देणें हा त्यांचाही हक्क नव्हे काय, असा बाईंचा युक्तिवाद होता.

ता. १ नोव्हेंबर १८७२ रोजीं त्या आपल्या बहिणींसह रॉचेस्टर शहरांतील एका न्हाव्याच्या दुकानांत गेल्या. मतदारांची नांवनोंदणी तेथेंच चालली होती. नोंदणी करणारे तरुण अधिकारी कचरले. तेव्हां बाईंनीं त्यांस घटनेंतील कलमें वाचून दाखविलीं व नकार दिल्यास फिर्याद करण्याचीही ताकीद दिली. अखेर नांवें दाखल झालीं, आणि ता. ५ रोजीं बाईंनीं व त्यांच्या सोबतिणींनीं मत दिलें.

दोन आठवड्यांच्या आंतच, ता. १८ रोजीं, बेकायदा मत दिल्याच्या आरोपावरून त्यांस अटक झाली. जून १८७३ मध्यें कॅनन्डेग्वा येथें खटला चालला. न्यायाधीश वॉर्ड हंट यांनीं बाईंस साक्ष देऊं दिली नाहीं, आणि ज्यूरीस विचार करण्याची संधि न देतां दोषी ठरविण्यास सांगितलें. शंभर डॉलर दंड झाला. तो बाईंनीं कधींच भरला नाहीं. नांवें नोंदणाऱ्या त्या अधिकाऱ्यांसही दंड झाला. तो न भरल्यामुळें त्यांस तुरुंगवास घडला, व १८७४ सालीं अध्यक्ष ग्रँट यांनीं त्यांस माफी दिली.

१८७५ सालीं, मिसूरी संस्थानांतील व्हर्जिनिया मायनर यांच्या खटल्यांत, नागरिकत्वाबरोबर मताधिकार येत नाहीं असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिला. तेव्हां घटनादुरुस्ती हाच एक मार्ग उरला. १८७८ सालीं तिचा मसुदा काँग्रेसपुढें आला. बाई गांवोगांव व्याख्यानें देत हिंडल्या. १८८८ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकारिणींनीं वॉशिंग्टन येथें भरविलेल्या स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत आमच्या पंडिता रमाबाईंचेंही भाषण झालें होतें.

बाईंच्या चरित्रांत एक उणेपणा आहे. तो लपविणें योग्य नव्हे. निग्रो पुरुषांस मताधिकार देणाऱ्या पंधराव्या दुरुस्तींत स्त्रियांचा समावेश नाहीं, म्हणून त्यांनीं तिला विरोध केला, व त्यामुळें जुने सहकारी दुरावले.

ता. १३ मार्च १९०६ रोजीं बाई निवर्तल्या. स्त्रियांस मताधिकार देणारी एकोणिसावी दुरुस्ती ऑगस्ट १९२० मध्यें मंजूर झाली. तें पाहण्याचें भाग्य त्यांस लाभलें नाहीं. त्यानंतरही दक्षिणेंतील कृष्णवर्णी स्त्रीपुरुषांस वाचनाची परीक्षा, मतदानाचा कर इत्यादि अटी घालून नोंदणीच्या मेजावरूनच परत पाठवीत. तें पुष्कळ अंशीं थांबविण्यास १९६५ चा कायदा व्हावा लागला.

कायद्यांतला हक्क आणि यादींतलें नांव यांत केवढें अंतर असूं शकतें, हें या चरित्रावरून दिसतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं व विद्यार्थिनींनीं अठरा वर्षें पूर्ण होतांच आपलें नांव यादींत घालावें, आणि पालकांनींही आपलें नांव तेथें आहे कीं नाहीं, हें एकवार पाहून ठेवावें, अशी आमची विनंती आहे.