रे. नारायण वामन टिळक यांचे आज्ञापालन

देवाची आज्ञा पाळावी हे ख्रिस्ती घरातल्या लहान मुलासही ठाऊक असते. परंतु ती किती पाळावी, हा प्रश्न मनात आला की मोठमोठ्यांची त्रेधा उडते. पवित्र शास्त्रातील शौल राजाची गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी वाचली आहे. त्याने देवाची आज्ञा मोडली असे वरवर पाहणाऱ्यास वाटणार नाही. तो लढाईस गेला, त्याने अमालेकी लोकांचा पाडाव केला, आणि टाकाऊ होते तेवढे सर्व नष्ट केले. त्यांच्या राजाला मात्र त्याने जिवंत ठेवले आणि उत्तम मेंढरे व गुरे राखली. ती यज्ञासाठी राखली आहेत, असे धार्मिक कारणही त्याच्याजवळ तयार होते. तेवढ्या राखलेल्या वाट्यापायी शमुवेलाने त्याला आज्ञाभंगाचा दोष दिला व त्याचे राज्य गेले.

ह्या गोष्टीतील मर्म असे, की मनुष्य देवापासून जे राखून ठेवतो ते बहुधा वाईट नसते, चांगलेच असते. वाईट सोडावे हे पटण्यास फार वेळ लागत नाही. चांगले सोडण्याची वेळ आली म्हणजे आज्ञापालनाची खरी परीक्षा होते. ह्या परीक्षेस एकदाच नव्हे तर पुनःपुन्हा बसलेल्या एका महाराष्ट्रीय पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहो. त्यांच्या आयुष्यातील शेवटची परीक्षा आपल्या मलकापूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरांवर असलेल्या सातारा शहराशी जोडलेली आहे, म्हणून ते आपल्याला अधिक जवळचे वाटावे.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. आई जानकीबाई भाविक व काव्यप्रेमी होत्या, आणि मुलाला कवितेची गोडी त्यांच्यापासूनच लागली. त्या लवकर वारल्या. पोरका झालेला नारायण घर सोडून नाशिकास गेला व तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृताचे अध्ययन केले. १८८० साली त्यांचे लग्न जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी झाले. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्रास परिचित झाल्या.

तरुणपणी टिळकांचे चित्त कोठेच स्थिर नव्हते. त्यांनी शिक्षकाचे काम केले, कीर्तने केली, छापखान्यात खिळे जुळवले. एक गाव सोडून दुसऱ्या गावी जावे, हातची नोकरी टाकावी, न सांगता घरातून निघून जावे, हा त्यांचा क्रमच होता. जवळ पैसा आला तर तो पहिल्या गरजवंताच्या हाती जाई. कोणाचे ऐकून घ्यावे हा त्यांचा स्वभाव नव्हता. अशा मनुष्याच्या चरित्रात आज्ञापालनाचा धडा शोधणे काहींना नवल वाटेल. पण जो जन्मतःच मवाळ असतो त्याचे आज्ञापालन कित्येक वेळा केवळ सवयीचे असते. स्वच्छंदी मनुष्य जेव्हा मान लववतो, तेव्हा त्याने कोणापुढे लववली हे पाहण्याजोगे असते.

नागपुरास असताना टिळक अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने वैदिक वाङ्मयाचे काम करीत होते. जातिभेदाने व रूढीने जखडलेल्या देशाचे कल्याण धर्माच्या नव्या घडणीवाचून होणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतले होते, आणि असा नवा धर्म आपणच स्थापावा असाही त्यांचा विचार चालला होता. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांनी ती वाचावयास घेतली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले, आणि आपण ज्या धर्माचा शोध करीत होतो तो येथे आहे असे त्यांना वाटू लागले.

येथून त्यांची पहिली परीक्षा सुरू झाली. बुद्धीला पटले होते, हृदयही ओढले गेले होते, तरी बाप्तिस्मा घेण्यास जवळजवळ दोन वर्षे गेली. मध्ये काय उभे होते? पाप नव्हे, लोभही नव्हे. मध्ये होती पत्नी, लहानगा मुलगा दत्तू, आप्तसंबंधी, आणि ज्या समाजाच्या उन्नतीसाठी त्यांचा जीव तळमळत होता तो समाज. ह्या सगळ्या चांगल्या गोष्टी होत्या. मनातल्या मनात ख्रिस्ताचे होऊन बाहेर जसेच्या तसे राहावे, हा मार्ग मोकळा होता व त्याला प्रेमाचे नाव देता येत होते. टिळकांनी तो पत्करला नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तो परदेशी मिशनऱ्याकडून न घेता रे. तुकाराम नथोजी या हिंदी पाळकाच्या हातून घेतला. ख्रिस्तास शरण जाताना आपण देशास पाठमोरे होत नाही, हे त्यांना दाखवावयाचे होते.

ह्या आज्ञापालनाची किंमत एकट्या टिळकांनी दिली नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. लक्ष्मीबाईंना पती जिवंत असून पतीवियोग आला. माहेरच्या माणसांच्या आधाराने, मुलाला पोटाशी धरून, त्यांनी ती वर्षे काढली. त्यांच्या शोकाचे वर्णन त्यांनीच आपल्या स्मृतिचित्रांत केले आहे, आणि पतीचे गुणदोष दोन्ही त्यात लपवून ठेवलेले नाहीत. देवाची आज्ञा पाळणाऱ्याच्या वाटेवर दुसऱ्या कोणाचे अश्रू सांडत असतील, तर ते पाहून न पाहिल्यासारखे करण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. टिळकांनी पत्नीचा त्याग केला नाही. ते पत्रे पाठवीत राहिले, वाट पाहत राहिले, आणि धर्माच्या बाबतीत त्यांनी तिच्यावर बळजबरी केली नाही. पुढे लक्ष्मीबाई नगरास आल्या तेव्हाही त्यांचे सोवळे व त्यांचा स्वयंपाक वेगळा होता. जातिभेद मनुष्याने केला, देवाने नव्हे, हे हळूहळू त्यांच्या स्वतःच्या विचाराने त्यांना पटले. मग ख्रिस्तावरील विश्वासही त्यांचा स्वतःचा झाला, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षांच्या ह्या कालावधीतून एक गोष्ट आपण शिकावी. आज्ञापालन स्वतःचे असते. ते दुसऱ्यावर लादता येत नाही, आणि दुसऱ्याच्या वतीने करताही येत नाही.

यानंतरची वर्षे मोठ्या कामाची गेली. अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर येथील कार्यात टिळकांनी शिक्षण, उपदेश व लेखन यांचा भार उचलला. घरात अनाथ मुले वाढली. बालकवी ठोमरे यांच्यासारखा तरुण कवी त्यांच्या छायेत राहिला. परदेशी चालींवर गाणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग, भजन व कीर्तन यांच्या रूपाने मराठी वाणी दिली. आजही उपासनेच्या वेळी मंडळ्यांत त्यांची पदे गाइली जातात. १९१२ पासून ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादकत्व त्यांच्याकडे होते. मान होता, पगार होता, घर स्थिर झाले होते. पूर्वायुष्यातील वणवण आठवली म्हणजे हे स्थैर्य किती मोलाचे होते हे कळते.

आणि नेमके येथेच दुसरी परीक्षा आली. मिशनचा पगारी सेवक म्हणून आपण ख्रिस्ताचे नाव सांगतो, तेव्हा आपल्या देशबांधवांस त्यात ख्रिस्ताआधी मिशनच दिसते, असे त्यांना दिसू लागले. मिशनचे उपकार ते विसरले नव्हते आणि नोकरीत काही पाप होते असेही नव्हे. परंतु देव आपल्याला अधिक मोकळ्या सेवेस बोलावीत आहे ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. १९१७ साली, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धारण केली आणि ते साताऱ्यास आले. तेथे त्यांनी देवाचा दरबार ह्या नावाने एक बंधुसमाज काढला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले, परंतु ख्रिस्तास गुरू मानून त्याच्यामागे चालू इच्छिणारे, अशा सर्वांस त्यात प्रवेश होता. कित्येकांना हे रुचले नाही. मंडळीच्या मर्यादा त्याने पुसट होतील अशी भीतीही वाटली असेल. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. १८९५ साली सर्वस्व दिले, आता देण्यासारखे उरले नाही, असे समजून टिळक थांबले नाहीत, एवढेच आम्हांस येथे दाखवावयाचे आहे.

जगाच्या मापाने पाहिले तर ह्या शेवटच्या आज्ञापालनाचे फळ तोकडे दिसते. साताऱ्यास येऊन दोन वर्षे झाली नाहीत तोच त्यांची प्रकृती ढासळली, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. देवाचा दरबार त्यांच्यामागे फार दिवस टिकला नाही. ज्या ख्रिस्तायन महाकाव्यावर त्यांचा जीव होता तेही अपुरेच राहिले. पुढे ते पुरे केले कोणी, तर ज्यांना एके काळी त्यांच्या धर्मांतराने आभाळ कोसळल्यासारखे झाले होते, आणि ज्यांना त्यांनीच अक्षरओळख करून दिली होती, त्या लक्ष्मीबाईंनी. टिळकांना हे पाहावयास मिळाले नाही. देवाने त्यांच्यापासून आज्ञापालन मागितले होते. फळ केव्हा, कोठे व कोणाच्या हातून यावे, हे त्याने आपल्याकडे ठेवले होते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी फार थोड्यांना टिळकांसारखे घर सोडण्याचा प्रसंग येईल. परंतु शौलासारखी निवडक मेंढरे राखण्याचा मोह प्रत्येकास रोज होतो. प्रार्थना द्यावी, पण मैत्री कोणाशी करावी हे देवाने विचारू नये. रविवार द्यावा, पण परीक्षेतील खरेपणा आपल्याकडे असावा. वर्गणी द्यावी, पण जातीचा अभिमान तेवढा मनाच्या कोपऱ्यात राहू द्यावा. असे नऊ वाटे देऊन दहावा राखणारा मनुष्य सुखी दिसतो, परंतु त्याचे सगळे लक्ष त्या दहाव्यावरच खिळलेले असते, आणि दिलेल्या नऊंचा आनंदही त्याला मिळत नाही. टिळकांच्या जीवनात उणिवा होत्या, उतावळेपणा होता, संसारातील चुकाही होत्या. पण देवाने ज्याच्यावर बोट ठेवले ते त्यांनी मुठीत धरून ठेवले नाही. त्यांची पदे आपण गातो तेव्हा त्यांमागे असलेली ही उघडी मूठ आपल्याला आठवावी, आणि आपली मूठ कशावर आवळलेली आहे हे प्रत्येकाने एकांतात देवासमोर पाहावे, एवढीच आमची इच्छा आहे.